अभ्यासपाठ : मरणाच्या दारातून परत आल्यावर



या वेळचा पाठ जरा मोठा आहे. एका बैठकीत होणार नाही, दोन संध्याकाळी मिळून वाचा. ज्यांच्या घरी हा विषय नाही त्यांनीही वाचावा. शेजारी, भावकीत, ऑफिसात तो कुठेतरी असतोच, फक्त आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मुरारच्या परिवार गटातल्या एका ताईंनी खासगीत मोठा निरोप पाठवला होता. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, त्यावरच हा पाठ आहे. ताईंचे धाकटे दीर, म्हणजे त्यांचे भावजी, चाळिशीतले. पंधरा वर्षं दारू. संध्याकाळी दुकान बंद केलं की सात नंबर चौराह्याकडून घरी यायचं, ते कलारीवर थांबूनच. जानेवारीत धुक्याच्या एका रात्री त्यांना रक्ताची उलटी झाली. एकदा नाही, तीनदा, तसराळं भरून. मुरारहून लश्करला नेईपर्यंत शुद्ध गेली. चार दिवस आयसीयू, रक्ताच्या बाटल्या, दुर्बिणीतून आतल्या शिरा बांधल्या, आणि माणूस वाचला.

शुद्धीवर आल्यावर भावजींनी जे सांगितलं ते ताईंच्या शब्दांत असं : "ते म्हणाले, मी वर होतो, खाली खाटेवर माझंच शरीर दिसत होतं. मग उजेड. डोळ्यांना न टोचणारा. त्यात आई उभी होती (सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली). आई म्हणाली, तुझी वेळ नाही, परत जा. आणि तिच्या मागे पादुका दिसल्या."

घरी आल्यापासून भावजी पहाटे पाचला उठून काकड्याला बसू लागले. दारूचा थेंब नाही. घरच्यांनी पेढे वाटले, गटात बातमी आली, आणि आपण सर्वांनी तिच्यावर फुलं आणि हात जोडल्याची चित्रं टाकली. आम्हीही टाकली. चूक केली असं नाही, पण अर्धंच काम केलं. कारण तीन आठवड्यांनी ताईंचा जो निरोप आला त्यात शेवटी हे होतं : "त्यांनी गोळ्याही बंद केल्या आहेत. म्हणतात, ज्याने परत पाठवलं तो बघेल. आम्ही गोळ्या घ्या म्हटलं तर आमची श्रद्धा कमी पडते का?"

आधी गोळ्यांचं सांगतो, कारण ताईंना आम्ही त्याच दिवशी फोन करून हेच सांगितलं आणि बाकीचं नंतर.

वर्षानुवर्षं दारूने लिव्हर कडक होतं. पोटाकडून येणारं रक्त त्यातून नीट जात नाही, मागे तुंबतं, आणि अन्ननलिकेतल्या बारीक शिरा फुगतात. त्यातली एक फुटली की रक्ताची उलटी. दुर्बिणीतून शीर बांधतात तेव्हा फुटलेली जागा बंद होते, पण मागचा दाब तसाच राहतो. तो कमी ठेवायला रोजची गोळी असते. शिवाय एक गोड पातळ औषध देतात, ज्याने शौचाला साफ होतं. पुष्कळ घरांत ते "आता बद्धकोष्ठ नाही" म्हणून बंद होतं. ते बद्धकोष्ठासाठी नसतंच. आजारी लिव्हरला जे विष गाळता येत नाही ते आतड्यातून बाहेर काढून मेंदूवर चढू नये म्हणून असतं. दिवसा झोप, रात्री जाग, बोलण्यात विसंगती, हात थरथरणं, ही लक्षणं दिसली तर ती समाधी नव्हे. त्या दिवशीच दवाखाना गाठायचा.

भावजींनी दारू सोडली हे त्यांच्या मनाला कळलं आहे. त्या शिरांना अजून कळलेलं नाही. गोळी घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही. आई म्हणाली परत जा. परत यायचं म्हणजे या देहात यायचं, आणि या देहाला सध्या दिवसातून दोनदा गोळी लागते.

ताईंनी हेच वाक्य भावजींना ऐकवलं. ते हसले आणि गोळी घेतली. एवढ्याने काम झालं असतं तर हा पाठ लिहिलाच नसता.

आता त्या उजेडाकडे येऊ. असा अनुभव सांगणारे भावजी एकटे नाहीत. अमेरिकेत रेमंड मूडी यांनी 1975 मध्ये अशा हकिगतींचं पुस्तक काढलं तेव्हापासून डॉक्टर लोक याकडे गंभीरपणे बघू लागले. हॉलंडमधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी दहा रुग्णालयांतल्या 344 रुग्णांची पाहणी केली. हृदय बंद पडून परत सुरू केलेले हे रुग्ण होते. 2001 मध्ये ती पाहणी 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आली. 344 पैकी 62 जणांनी, म्हणजे शंभरात अठरा जणांनी, असा काही अनुभव सांगितला. म्हणजे बाकीच्या ब्याऐंशी जणांना काहीच दिसलं नाही. ज्यांच्या घरी माणूस वाचला पण "काही दिसलं नाही" म्हणाला, त्यांनी मन खट्टू करू नये. कृपा त्या अठरांवर झाली आणि या ब्याऐंशींवर नाही, असा हिशेब आपण मांडायचा नाही.

आपल्या देशातही काम झालं आहे. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या डॉ. सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी 1986 मध्ये भारतातल्या 16 जणांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. त्यांत गंमत अशी की आपल्याकडचे लोक बहुधा यमदूत सांगतात. दूत घेऊन जातात, पुढे वही घेऊन कुणी बसलेला असतो, तो नाव बघतो आणि म्हणतो, अरे, चुकीचा माणूस आणला, परत पाठवा! आपल्या आजीच्या गोष्टीतला चित्रगुप्तच. तिकडच्या लोकांना दिवंगत नातेवाईक भेटतात, इकडच्यांना बऱ्याचदा कारकुनी चूक भेटते. म्हणजे अनुभव येतो तो आपापल्या घरचा पोशाख घालून. भावजींना पादुका दिसल्या, परदेशातल्या एखाद्याला त्याच्या धर्मातलं काही दिसलं असतं. म्हणून "आपल्याच गुरूंनी वाचवलं, बघा" असा निरोप दहा गटांत पुढे ढकलण्याआधी थांबावं. माऊली स्वतः कधी असं म्हणाली नाही.

आणि खरं दिसलं की मेंदूचा खेळ? यावर आम्ही वाद घालत नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की दारू सुटताना मेंदू स्वतःच खूप काही दाखवतो. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली की दोन ते चार दिवसांत साप, किडे, मेलेली माणसं दिसणं, घाम, थरकाप, ताप, फिट असं होऊ शकतं, आणि उपचार नाही झाला तर त्यात माणूस जातो. ते भय असतं, त्यात शांती नसते, पण ओळखण्याचं काम घरच्यांचं नाही, डॉक्टरांचं आहे. म्हणून कुणालाही घरात कोंडून, गुरूंच्या फोटोसमोर बसवून "आजपासून बंद" करायला लावू नका. माळ घालायची असेल तर जरूर घाला, पण त्याच सकाळी दवाखान्यातही जा.

व्हॅन लोमेल यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि आमच्या दृष्टीने तीच मोठी. त्यांनी त्या लोकांना दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनी पुन्हा गाठलं. अनुभव आलेल्यांची मरणाची भीती गेली होती, दुसऱ्यांबद्दलचा जिव्हाळा वाढला होता. पण हा बदल एका रात्रीत पक्का झाला नव्हता. अनुभव काही क्षणांचा, पण मुरायला वर्षं लागली. लोणचं घालणाऱ्या बायकांना हे समजावून सांगायला नको.

दारू आणि उजेड यांची सगळ्यात प्रसिद्ध हकीगत अमेरिकेतल्या बिल विल्सन यांची. शेअर बाजारात नाव काढलेला माणूस, दारूने सगळं घालवलेलं. 11 डिसेंबर 1934 रोजी तो न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलात चौथ्यांदा दाखल झाला. त्याआधी त्याचा जुना पिणारा मित्र एबी थॅचर घरी येऊन गेला होता. एबी न पिता आला होता, देवाच्या मार्गाला लागलो म्हणाला. हॉस्पिटलात एका रात्री पूर्ण हताश होऊन बिलने हाक मारली, देव असेल तर समोर ये. आणि त्याला खोली पांढऱ्या उजेडाने भरून गेलेली दिसली, आपण डोंगरावर उभे आहोत, वारा अंगातून वाहतो आहे असं वाटलं. घाबरून त्याने डॉक्टर सिल्कवर्थना विचारलं, माझं डोकं फिरलं का? डॉक्टरांनी सांगितलं की काय झालं ते मला कळत नाही, पण हे धरून ठेव. त्या वेळी बिलला जी औषधं चालू होती त्यांनीही भास होतात, हेही नोंदलेलं आहे. तरी त्यानंतर 24 जानेवारी 1971 ला जाईपर्यंत, छत्तीस वर्षं, बिलने दारू घेतली नाही.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची सांगत नाहीत, आणि अभ्यास पुढच्या गोष्टीचा आहे.

हॉस्पिटलातून बाहेर पडल्यावर बिल पाच-सहा महिने दारुड्यांना गाठून आपला उजेड सांगत फिरला. एकाचीही दारू सुटली नाही. शेवटी त्याच डॉक्टरांनी त्याला समजावलं की उजेडाचं प्रवचन बंद कर, आधी त्यांना हा आजार काय आहे ते सांग. 1935 च्या मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी तो अ‍ॅक्रन गावी गेला, काम फसलं, हॉटेलात एकटा. एका बाजूला बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला. स्वतःची तहान आवरण्यासाठी त्याला दुसरा एक दारुडा हवा होता, बोलायला. तो भेटला, डॉ. बॉब स्मिथ, सर्जन. बॉबना कुठलाही उजेड कधी दिसला नाही. मध्ये एकदा ते घसरलेही. 10 जून 1935 ला त्यांनी शेवटचा प्याला घेतला, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, आपल्याकडे ज्याला 'एए' म्हणतात त्याचा, स्थापना दिवस धरतात.

आणि निरोप घेऊन आलेला एबी? तो पुन्हा पुन्हा घसरला. बिल त्याला जन्मभर आपला गुरू मानत राहिला, तरी. यावर आम्ही फार विचार केला. निरोप आणणाऱ्याचा पाय घसरला म्हणून निरोप खोटा होत नाही.

अजून एक. उजेड दिसलेल्या बिलची दारू सुटली, सिगारेट सुटली नाही. फुप्फुसांच्या आजारानेच तो गेला. मधली कित्येक वर्षं खोल उदासीतही काढली. जागृती झाली म्हणजे माणूस सगळ्या बाजूंनी धुऊन निघाला असं नसतं. भावजी तंबाखू मळताना दिसले तर "मग काय उपयोग त्या पादुकांचा" असं कुणी म्हणू नये. (कुणी तरी म्हणालंच होतं. नाव घेत नाही.)

एएचं मुख्य पुस्तक निघाल्यावर लोक विचारू लागले, आम्हाला उजेड दिसला नाही, मग आमचं काय? म्हणून 1941 च्या दुसऱ्या छपाईत मागे एक पुरवणी जोडावी लागली. तिचा आशय असा की बहुतेकांची जागृती हळूहळू, शिकत शिकत होते, आणि ती झाल्याचं घरच्यांना त्या माणसाच्या आधी कळतं. आमच्या पाहण्यातही तेच आहे. बायको म्हणते, हल्ली हे मोबाइल तोंडावर आपटत नाहीत. तो म्हणतो, छे, काही बदल नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर गाडगेबाबांचं घ्या. वडील झिंगराजी दारूपायी संसार घालवून अकाली गेले. लहान डेबूला आकाशातून काही दिसलं नव्हतं, जे दिसलं ते घरात दिसलं. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला, दारू-मटणाची रीत असताना, त्यांनी जातवाल्यांना गोड जेवण वाढलं आणि रोष पत्करला. दुसऱ्याच्या मरणानेही माणूस जागा होतो. भावजींचा सोळा वर्षांचा पुतण्या त्या रात्री तसराळं धरून उभा होता. त्याच्याशी कुणी बोललं का, हे आम्ही ताईंना विचारलं. नव्हतं बोललं कुणी.

पुण्याच्या मुक्तांगणबद्दलही सांगायला हवं. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लिहिलं, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तिथे मनोविकारतज्ज्ञ होत्या, केंद्राचा प्राण त्याच. 1997 मध्ये कॅन्सरने त्या गेल्या, पण काम चालू राहिलं. तिथे आधी शरीरातून नशा उतरवतात, मग गटात बसून बोलणं, योगासनं, गाणी, समुपदेशन. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, या पायावर सगळं उभं. आणि बायकांसाठी वेगळा 'सहचरी' गट, कारण पंधरा वर्षं दारू एक जण पितो, झोप सगळ्या घराची जाते. अमेरिकेतही बिलची बायको लोइस हिने 1951 मध्ये घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन उभं केलं. नवऱ्याची दारू सुटल्यावरही तिचा राग सुटला नव्हता, हे तिने स्वतः कबूल केलं. आपल्या गटातल्या किती वहिनींना हे वाचून हायसं वाटेल, आम्हाला कल्पना आहे.

आता भावजींचं पुढे.

वैशाखात घरात लग्न होतं. भावजींनी गुरूंच्या तसबिरीवर हात ठेवून जन्मभराची शपथ घेतली होती, तीही सगळ्यांनी मिळून घ्यायला लावलेली. वरातीत मित्रांनी आग्रह केला आणि भावजी दोन ग्लास प्यायले. ती रात्र ते घरी आले नाहीत. ताईंचं म्हणणं, दारूपेक्षा तेच वाईट झालं. तोंड कसं दाखवू, गुरूंना आणि घरच्यांना, म्हणून ते स्टेशनाच्या बाकावर बसून राहिले. आणि लाज वाटली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यायले.

इथे आमचीही चूक आहे, ती लिहून ठेवतो. शपथ घ्या असं आम्हीच केंद्रात सुचवलं होतं. तसबिरीवर हात ठेवून घेतलेल्या शपथेने झालं काय, तर पाय घसरल्यावर ज्याच्याकडे धावत जायचं, त्याच्याचपासून लपायची वेळ आली. आता आपल्या केंद्रात जन्मभराची शपथ घेतली जात नाही. सकाळी एवढंच म्हणायचं : आज नाही. उद्याचं उद्या. एएवालेही हेच करतात.

तिसऱ्या दिवशी भावजींनी स्वतः फोन केला. बारादरी चौकातून, आपल्या केंद्रातल्या एका काकांना. काकांची स्वतःची दारू सुटून अकरा वर्षं झाली आहेत आणि त्यांनाही कधी उजेड दिसलेला नाही. काकांनी आधी विचारलं, जेवलास का? मग पोहे खायला घातले, मग डॉक्टरांकडे नेलं. दुर्बिणीची तपासणी पुन्हा झाली, दोन शिरा पुन्हा बांधाव्या लागल्या. रक्त जायच्या आत पोचले.

ताईंच्या मनात तेव्हा एक गोष्ट आली होती. भिंतींवर जाहिराती असतात, 'न सांगता दारू सोडवा', जेवणात मिसळायची पूड. त्यांनी आम्हाला विचारलं हे बरं झालं. अशा पुडीत काय आहे कळत नाही. दारूविरुद्धचं खरं औषध असलं तर त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात, आणि आजारी लिव्हर असलेल्याला बहुधा देतच नाहीत. प्रसाद म्हणून तर असलं काही कधीही देऊ नका.

भावजी आता मंगळवारी आणि शनिवारी काकांबरोबर मीटिंगला जातात, गुरुवारी आपल्या सत्संगात चपलांच्या रांगेशी बसतात. पादुकांची हकीगत ते कुणी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. एका नव्या मुलाने मात्र परवा विचारलं, तुम्हाला खरंच आई दिसली का? भावजी म्हणाले, "दिसली. पण ती काही माझ्या गोळ्या घ्यायला येणार नाही." मग त्याला म्हणाले, तुझी कधीपासून आहे ते सांग.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी : व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416. दोन्ही निःशुल्क. रक्ताची उलटी, काळी शौच किंवा फिट असेल तर फोनवर वेळ घालवू नका, सरळ रुग्णालय.

येत्या गुरुवारी मुरार केंद्रात या पाठावर चर्चा आहे, आरतीनंतर. वहिनी, काकू, ताई यांची अर्धा तास वेगळी बैठक पहिल्यांदाच ठेवली आहे, चहा तिथेच मिळेल. स्वतःच्या घरचं काही विचारायचं असेल तर गटात नको, आम्हाला खासगीत लिहा. आणि या पाठातले भावजी कोण, याचा शोध कृपया कुणी घेऊ नये.

जय गुरुदेव.